झोरोच्या पत्रिकेतला ड्रॅगन

टोकियोत रात्रीचे बारा वाजून सोमवार लागतो, तेव्हा आपल्याकडे रविवारचे साडेआठ झालेले असतात. पुण्यात, नागपुरात, डोंबिवलीत त्या वेळी घरोघरी कुकरची दुसरी शिट्टी होत असते. नेमक्या त्याच मुहूर्तावर एखाद्या खोलीचं दार आतून लागतं. आतला मुलगा (किंवा मुलगी, किंवा बँकेत नोकरीला असलेला चाळिशीतला काका) मोबाइलवर ‘वन पीस’चं नवं प्रकरण उघडतो. सतरा-एक पानं. वाचायला सात मिनिटं लागतात. उरलेला आठवडा, म्हणजे हिशेबाने सहा दिवस तेवीस तास त्रेपन्न मिनिटं, पुढच्या सतरा पानांत काय होणार हे इतरांना सांगण्यात जातो.

एइइचिरो ओदा यांनी ही मांगा, म्हणजे चित्रकथा, २२ जुलै १९९७ रोजी ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात सुरू केली. तेव्हा ओदा २२ वर्षांचे होते. २०२२ मध्ये तिच्या जगभरातल्या प्रतींचा आकडा ५० कोटींच्या पुढे गेला आणि गोष्ट अजून संपलेली नाही. इतकी वर्षं चाललेल्या गोष्टीचे वाचक नुसते वाचक राहत नाहीत. ते भाकितं करू लागतात. या उद्योगाला ‘थिअरी’ असं भारदस्त नाव आहे. थिअरीवाला स्वतःला ज्योतिषी म्हणवून घेत नाही. पण जातक समोर बसवायचं, ग्रह हवे तसे मांडायचे, भविष्य सांगायचं आणि ते खोटं ठरलं की जन्मवेळेत चूक होती म्हणायचं, ही पद्धत कुठल्याही पेठेतल्या शास्त्रीबुवांना ओळखीची वाटेल.

या धंद्याला सर्वाधिक बरकत आली ती जुलै २०१८ ते ऑगस्ट २०२२ या चार वर्षांत. तेव्हा कथा ‘वानो’ नावाच्या देशात मुक्कामाला होती. प्रकरण ९०९ पासून १०५७ पर्यंत, म्हणजे १४९ प्रकरणांचा मुक्काम. वानो म्हणजे परक्याला दारं बंद असलेला, सामुराईंचा, तलवारीला देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जपणारा देश. एदो काळातलं जपान ओदांनी स्वतःच्या मापाने शिवून घेतलं आहे. गादीवर ओरोची नावाचा शोगुन, आणि त्याच्या पाठीशी कायदो. (गोव्यातल्या वाचकाला हे नाव ऐकून कोर्टकचेरी आठवेल. कोकणीत कायद्याला कायदोच म्हणतात. या कायदोला मात्र कुठलाच कायदा लागू नाही.) हा जगातला सर्वांत बलाढ्य प्राणी समजला जातो, आणि मनात आलं की आभाळभर लांबीचा ड्रॅगन होतो.

सामुराईंचा देश, त्यांना छळणारा ड्रॅगन, आणि नायकाच्या गलबतावर एक तलवारबाज. एवढं मांडून ठेवल्यावर ड्रॅगनचं डोकं कोण उडवणार, हा प्रश्न वाचकांना पडायला हवा होता. पण प्रश्न पडलाच नाही. थेट उत्तरच पडलं. झोरो.

ज्यांनी वन पीसचं पानही उघडलेलं नाही त्यांच्यासाठी झोरोची ओळख करून द्यायला हवी. रोरोनोआ झोरो. केस हिरवे. तलवारी तीन, दोन हातांत दोन आणि तिसरी दातांत धरलेली. जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज व्हायचं हे ध्येय, आणि त्यासाठी दगड, पोलाद, इमारती, जे समोर येईल ते तो कापतो. नायक तो नाही. नायक लुफी, रबराच्या अंगाचा, मांसाहारी, सतत हसणारा. झोरो हा त्याचा पहिला साथीदार, कथेत तिसऱ्याच प्रकरणात आलेला. त्याचं दुसरं वैशिष्ट्य असं की त्याला दिशा कळत नाही. सरळ रस्त्यावर तो चुकतो, जिन्यावर चुकतो. दोन वर्षांनी सगळे साथीदार पुन्हा जमणार होते, त्या दिवशी तर हा भलत्याच गलबतात चढला, गलबत समुद्राखाली निघालं, आणि चूक लक्षात आल्यावर ते उभं कापून वर आला. अशा माणसाचा पुढचा मार्ग आपल्याला बिनचूक ठाऊक आहे, असं लाखो वाचक छातीठोकपणे सांगतात. जो मार्ग खुद्द त्यालाच सापडत नाही.

पण पुराव्यांची फाइल जाडजूड होती, हे कबूल करायलाच हवं. वानोत शेकडो वर्षांपूर्वी र्युमा नावाचा ‘तलवारदेव’ होऊन गेला, त्याने राजधानीवर आलेला ड्रॅगन कापला, असं कथाच सांगते. हा र्युमा ओदांचा जुना माणूस. वन पीसच्या आधी, १९९४ मध्ये, त्यांनी ‘मॉन्स्टर्स’ नावाची एकाच प्रकरणात संपणारी मांगा काढली होती. तिचा नायक र्युमाच, आणि ड्रॅगन कापणारा. पुढे वन पीसमधल्या ‘थ्रिलर बार्क’ नावाच्या गलबतावर याच र्युमाचं चालतंबोलतं प्रेत झोरोसमोर उभं राहिलं. झोरोने त्याला हरवलं आणि त्याची काळी तलवार ‘शुसुई’ घेतली. म्हणजे ड्रॅगन कापणाऱ्याची तलवार झोरोच्या कमरेला आली होती, तीही वानोचा पडदा उघडण्याच्या दहाएक वर्षं आधी. वाचकांनी ही नोंद वहीत करून ठेवली होती. थिअरीवाला एक वेळ आईचा वाढदिवस विसरेल, पण दहा वर्षांपूर्वीचं पॅनेल विसरणार नाही.

वानोत ती शुसुई चोरीला जाते. मग हियोरी नावाची राजकन्या झोरोला सांगते, की ती तलवार आमच्या देशाचा ठेवा आहे, ती र्युमाच्या थडग्याला परत द्या आणि बदल्यात माझ्या वडिलांची ‘एन्मा’ घ्या. वडील म्हणजे कोझुकी ओदेन. वीस वर्षांपूर्वी त्यांना उकळत्या तेलाच्या कढईत उभं करून शिक्षा दिली होती, आणि त्यांनी आपली माणसं डोक्यावरच्या फळीवर तोलून एक तास काढला होता. कायदोच्या अंगावर कायमचा व्रण उठवणारी तलवार ओदेनची. ती एन्मा झोरोने हातात घेतली मात्र, तिने त्याच्या हातातली शक्ती अशी शोषली की हात वाळक्या शेंगेसारखा झाला आणि समोरच्या किनाऱ्याचा लचका तुटून समुद्रात पडला. हे घडतं प्रकरण ९५५ मध्ये. प्रकरणाचं नावही ‘एन्मा’, आणि ते संपताच पडदा पडतो, दुसरा अंक समाप्त.

हो, अंक. ओदांनी वानोची मांडणी काबुकी नाटकासारखी केली होती. पडदा उघडायचा, पडायचा. काबुकीतली ऐतिहासिक नाटकं मुळात पाच अंकी असत, एवढी माहिती मिळताच वानोही पाच अंकीच असणार असं वाचकांनी परस्पर ठरवून टाकलं. कोणत्या अंकात झोरो काय करणार याची वाटणीही झाली. चौथ्यात जखमी, पाचव्यात शिरच्छेद. प्रत्यक्षात नाटक तिसऱ्या अंकातच आटोपलं. तीन अंकी नाटकाचा एखादा मराठी प्रेक्षक त्या गर्दीत असता, तर बिचारा तिकीट काढतानाच म्हणाला असता, अहो, तिसऱ्या अंकाच्या शेवटी घरी जायचं असतं.

मोठी थिअरी ड्रॅगनची. तिच्या आजूबाजूला जत्रेत लागतात तशी छोटी दुकानंही होती.

एक दुकान वधूवरसूचक मंडळाचं. हियोरीने झोरोला वडिलांची तलवार दिली, त्याच्या जखमांवर पट्ट्या बांधल्या, त्याच्या शेजारी डुलकी घेतली. एवढ्या भांडवलावर लग्न ठरलं. काहींनी तर झोरोला शोगुनच्या गादीवर बसवून जावई केलं. गादीवर पुढे बसला तो हियोरीचा भाऊ मोमोनोसुके, आणि झोरो जसा आला तसा गलबतात चढून निघून गेला. निरोप घेताना त्याने मागे वळून पाहिलं की नाही यावर मात्र अजून खल चालू आहे.

दुसरं दुकान कुइनाचं. कुइना ही झोरोची लहानपणची प्रतिस्पर्धी. दोन हजार एक वेळा त्याला हरवलेली. दोघांनी एकमेकांना वचन दिलं आणि दुसऱ्या दिवशी ती जिन्यावरून पडून गेली. जिन्यावरून! ज्या जगात माणसं तोफगोळे झेलून जेवायला बसतात, ढगातून पडून पोहायला लागतात, तिथे एक मुलगी घरच्या जिन्यावरून पडून मरते, हे वाचकांना आजतागायत पटलेलं नाही. त्यामुळे ती जिवंत आहे, कुठेतरी लपवून ठेवली आहे, वानोत मुखवट्याआडून निघेल, असं चार वर्षं सांगितलं गेलं. मुखवटे तर वानोत पुष्कळ निघाले. त्यांच्या मागे दुसरेच लोक होते.

तिसरं दुकान आकड्यांचं, आणि ते चालवणाऱ्यांना नावं ठेवता येत नाहीत, कारण ओदा स्वतः त्याचे गिऱ्हाईक आहेत. जपानीत आकड्यांचे उच्चार जोडून शब्द बनवायचा खेळ जुना आहे. ‘सान’ म्हणजे तीन, ‘जि’ म्हणजे दोन. तेव्हा गलबतावरचा स्वयंपाकी सांजी, त्याचा वाढदिवस तिसऱ्या महिन्याची दोन तारीख. सगळे आकडे सारखेच आले की जपानीत त्याला ‘झोरोमे’ म्हणतात, आणि झोरोचा वाढदिवस ११ नोव्हेंबर, अकरा-अकरा. हे एकदा कळलं की माणूस हातचा जातो. प्रत्येक प्रकरणाच्या क्रमांकात त्याला तलवारी दिसू लागतात. १ हा आकडाच मुळी उभी तलवार आहे, असं त्याचं म्हणणं पडतं, आणि त्यावर वाद घालायचा म्हणजे सुरुवात कुठून करायची हे कळत नाही.

पण सगळ्यांत जुनं, सगळ्यांत चालतं दुकान आहे डाव्या डोळ्याचं. २०१० मध्ये कथेत दोन वर्षांचा काळ उलटला आणि झोरो परत आला तो डाव्या डोळ्यावर उभा व्रण घेऊन. डोळा मिटलेला. का, कसा, कुणी केला, काही सांगितलेलं नाही. झोरोला विचारण्याची सोय नाही, तो तसाही मितभाषी. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या लढाईच्या आधी घोषणा होते की या वेळी डोळा उघडणार. पापणीआड राक्षस आहे, अग्नी आहे, साठवलेलं सामर्थ्य आहे. (तो डोळा नुसता फुटला असेल, ही शक्यता मांडणारे लोक सभांना बोलावले जात नाहीत.) कायदोसमोर तरी तो उघडेल याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. आपल्याकडे तिसरा डोळा उघडण्याची वाट पाहतात. इथे लोक दुसऱ्याचीच वाट पाहत बसले.

हे सगळं इतकं का फोफावतं, याचं कारण साधं आहे. साप्ताहिक. कादंबरी हातात असती तर वाचकाने शेवटचं पान उलटून पाहिलं असतं आणि गप्प बसला असता. इथे सतरा पानांनंतर सात दिवस उपास. त्यात ओदांची अधूनमधून सुट्टी. चाहत्यांच्या भाषेत ‘ब्रेक’. ब्रेकच्या आठवड्यात रिकाम्या डोक्यातून ज्या थिअऱ्या बाहेर पडतात त्या पाहिल्या की डॉक्टरांनी ओदांना विश्रांती घ्यायला सांगण्याआधी वाचकांचाही विचार करायला हवा होता असं वाटतं. २०२२ च्या जून अखेरीपासून तर सुट्टी जवळजवळ महिनाभराची झाली. अंतिम पर्वाची तयारी करायची म्हणून. तेवढ्या काळात वाचकांनी अंतिम पर्व दोन-तीनदा लिहून संपवलं.

आता मुख्य प्रयोगाकडे.

जानेवारी २०२१ मध्ये हजारावं प्रकरण आलं तेव्हा कायदोच्या बेटावर, कवटीच्या आकाराच्या डोंगराच्या गच्चीवर पाच तरुण कायदो आणि बिग मॉम या चाच्यांच्या दोन सम्राटांसमोर उभे होते. लुफी होता, झोरो होता, झोरोच्या हातात एन्मा होती. थिअरीवाल्यांनी जेवणं रद्द केली. एका क्षणी दोन्ही सम्राटांनी मिळून एकच वार केला. तो वार झोरोने पळभर अंगावर तोलला, बाकीच्यांना पळायला वेळ मिळाला, आणि त्याच्या अंगातली हाडं मोडली. तशाच अवस्थेत, एप्रिल २०२१ मधल्या प्रकरण १०१० मध्ये, त्याने आपलं ‘आशुरा’ रूप धारण केलं. तीन डोकी, सहा हात, नऊ तलवारी. तलवार बसली. कायदोच्या अंगातून रक्त आलं. आणि खुद्द कायदो म्हणाला, याचा व्रण राहणार.

व्रण! थिअरीवाल्यांच्या घरी त्या रविवारी दिवाळी झाली. ओदेननंतर पहिला व्रण. आता दुसरा वार आणि डोकं खाली. फक्त एक अडचण उरली होती. झोरोला उभं राहता येत नव्हतं.

इथून पुढची काही प्रकरणं ओदांच्या विनोदबुद्धीची आहेत, आणि त्यांचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. ज्याने ड्रॅगन कापायचा असं अख्ख्या जगाने ठरवलं होतं, तो डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून ममीसारखा केला गेला, आणि ती ममी पाठीवर घेऊन धावत होता सांजी. झोरोचं आणि सांजीचं वाकडं पहिल्यापासून. चाहत्यांतही झोरोपंथी आणि सांजीपंथी असे तट आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहारही जपूनच होतो. अशा वेळी झोरोपंथीयांचा देव सांजीच्या पाठीवर गाठोड्यासारखा हिंदकळत चालला होता. महत्त्वाची भाकितं करणाऱ्यांनी त्या आठवड्यांत परीक्षा जवळ आल्याचं सांगितलं.

मग औषध मिळालं. मिंक जमातीचं जालीम औषध. क्षणभर सगळं बरं, नंतर दुखणं दुप्पट. झोरो उठला. आता तरी गच्चीकडे? नाही. त्याच्या वाट्याला आला किंग, कायदोचा उजवा हात. पंखवाला, पाठीवर आग असलेला, टेरॅनोडॉन होणारा. डिसेंबर २०२१ मध्ये झोरोने त्याला पाडलं. एन्मावर ताबा मिळवून, मी नरकाचा राजा होईन अशा थाटात.

खरी गंमत पुढे आहे. किंगने शेवटी जो वार केला तो आगीचा, आणि आगीचा आकार ड्रॅगनचा. झोरोने तो कापला. शिवाय झोरोने आपल्या तीन तलवारींच्या शैलीचं नाव या वेळी लिहिलं ते शेवटच्या ‘र्यु’साठी ‘शैली’चं अक्षर न घेता ‘ड्रॅगन’चं अक्षर घेऊन. उच्चार तोच, अक्षर वेगळं. म्हणजे बघा, ड्रॅगन होता, झोरो होता, ड्रॅगन कापला गेला. फक्त तो कायदो नव्हता. ‘मुलाला परदेशगमनाचा योग आहे’ असं सांगितलेला मुलगा बेळगावला मामाकडे जाऊन आला, की राज्याची हद्द ओलांडली ना, असं म्हणणारे शास्त्रीबुवा असतात. थिअरीवाल्यांनी त्या आठवड्यात नेमकं हेच म्हटलं. कापला की नाही ड्रॅगन?

किंगनंतर औषधाची मुदत संपली आणि दुप्पट दुखणं वसुलीला आलं. प्रकरण १०३८ मध्ये बेशुद्ध झोरोसमोर मोठा विळा घेतलेला साक्षात मृत्यू येऊन उभा राहिला. झालं! मेलेली दुकानं पुन्हा उघडली. मृत्यूशी करार होणार, डोळा उघडणार, झोरो नरकातून थेट गच्चीवर निघणार. शेवटची आशा इतकी जोरदार होती की कुणी हेही म्हणालं नाही, अरे, याला गच्चीचा रस्ता सापडणार कसा? तो सापडायची वेळच आली नाही. झोरो त्या लढाईत पुन्हा उतरला नाही. ओरोचीचं शेवटचं डोकं उडवलं ते देन्जिरो नावाच्या सामुराईने. आणि कायदोचं?

मार्च २०२२ मध्ये, प्रकरण १०४४ मध्ये, कळलं की जे फळ खाऊन लुफीचं अंग रबराचं झालं ते मुळात रबराचं नव्हतंच, ते ‘निका’ नावाच्या सूर्यदेवाचं. लुफीचे केस पांढरे झाले, तो खदाखदा हसत लढू लागला. शेवटी त्याने हात आभाळात लांबवून मूठ फुगवली ती अख्ख्या बेटाएवढी. त्या मुठीने आगीत धगधगणारा ड्रॅगन वरून खाली ठोकला आणि जमिनीत गाडला. मे २०२२, प्रकरण १०४९. या मुठीचं नाव ‘बजरंग गन’.

बजरंग. जपानी लिपीत ‘वानर’ आणि ‘देव’ अशी दोन अक्षरं, आणि त्यांच्यावर बारीक टाइपात उच्चार दिलेला, बजरंग. गावोगावच्या तालमींत शेंदूर लावून उभे असलेले, शनिवारी रुईच्या पानांची माळ घालून घेणारे, ते.

इथे मराठी वाचकाने जरा पाटावर सावरून बसायला हरकत नाही, कारण पाहुणे सगळे घरचेच निघाले. एन्मा म्हणजे आपला यम. बौद्ध धर्माबरोबर तो भारतातून चीनला गेला, तिथे यानलुओ झाला, पुढे जपानात एन्मा. तिथे तो मेलेल्यांचा न्यायनिवाडा करतो, आणि खोटं बोलणाऱ्याची जीभ उपटतो अशी भीती जपानी पोरांना पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली. (थिअरीवाल्यांनी ती मनावर घेतलेली दिसत नाही.) झोरोचं आशुरा रूप म्हणजे आपला असुर. नारा शहरात कोफुकुजी नावाच्या बौद्ध मंदिरात आठव्या शतकातली आशुराची प्रसिद्ध मूर्ती आहे, तिला तीन तोंडं आणि सहा हात. झोरोने नवीन काही केलं नाही, फक्त हातांत तलवारी दिल्या. तेव्हा वानोच्या गच्चीवर झोरोच्या बाजूने यम होते, असुर होते, आणि तरी ड्रॅगन शेवटी बजरंगाने पाडला. यम आणि असुर एकीकडे, मारुतीराया दुसरीकडे, तर निकाल काय लागेल हे सांगलीतल्या कुठल्याही वस्तादाने न वाचता सांगितलं असतं.

बरं, खुणा नव्हत्या म्हणावं तर त्याही होत्या. नायकाचं पूर्ण नाव मंकी डी. लुफी. ‘मंकी’ हा शब्द १९९७ पासून, पहिल्या प्रकरणापासून नावातच. वानर, आणि पुढे सूर्य. सूर्याकडे झेप घेणारं वानर कोणतं, हे विचारायला थिअरी लागत नाही, आजी लागते. चार वर्षं जगभरचे वाचक तलवारी मोजत होते, तलवारीच्या म्यानावरची नक्षी मोठी करून बघत होते. मुठीकडे बघायचं राहिलं.

लढाई संपली आणि लुफी व झोरो दोघेही सात दिवस झोपले. जागे झाले ते जेवायला आणि प्यायला.

झोरोपंथीयांना अगदीच रिकाम्या हाताने जावं लागलं असं मात्र नाही. त्यांच्या मोठ्या थिअरीच्या पोटात एक छोटी होती, की झोरो हा र्युमाच्याच वंशातला. चेहरा तसाच, डोळा तसाच, तलवार त्याचीच. वानोत म्हाताऱ्या माणसांनी त्याच्याकडे बघून, हा तर आमच्या सरदार उशिमारूसारखा दिसतो, असं कुजबुजून झालं होतं. पन्नासएक वर्षांपूर्वी वानोतून चोरून निसटलेली काही माणसं झोरोच्या गावी जाऊन राहिली, हेही कळलं होतं. गावाचं नाव शिमोत्सुकी, उशिमारूचं घराणं शिमोत्सुकी. तेव्हा शेवटच्या घावाआधी, विजा चमकत असताना, कुणीतरी ओरडून सांगणार होतं की तू र्युमाचा वंशज आहेस!

थिअरी खरी निघाली. शंभर टक्के. ती जाहीर मात्र विजांच्या कडकडाटात झाली नाही. २०२३ मध्ये १०५ वा खंड निघाला, त्यातल्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या सदरात. हे सदर ओदा चौथ्या खंडापासून चालवतात, आणि त्यात कोणाला काय आवडतं, कोण कधी आंघोळ करतं असल्या चौकशा बहुसंख्य. त्या गर्दीत ओदांनी झोरोची वंशावळ मांडून दिली. आजी शिमोत्सुकी फुरिको, उशिमारूची बहीण, घराणं र्युमाचं. वडील अराशी, आई तेरा, दोघेही झोरो लहान असतानाच गेले. वर ओदांचा सूर असा, की ही गोष्ट कथेत सांगायची गरज वाटली नाही. आणि झोरोला स्वतःला यातलं काहीच माहीत नाही. ज्याच्या कुळाचा शोध लावण्यात माणसांनी ऐन तारुण्यातली वर्षं घातली, तो अजून समजतो की आपण एका साध्या खेड्यातले.

एखाद्याला वाटेल, इतकं तोंडघशी पडल्यावर तरी दुकानं बंद झाली असतील. वानो संपला ऑगस्ट २०२२ मध्ये, प्रकरण १०५७ ला. लगेच पुढच्या प्रकरणात मिहॉक दिसला, जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज, झोरोला दोन वर्षं शिकवणारा गुरू आणि ज्याला एक ना एक दिवस झोरोने हरवायचंच आहे असा प्रतिस्पर्धी. बस! सगळा माल जशाच्या तसा उचलून नव्या पत्त्यावर गेला. एन्मा अजून शुसुईसारखी काळी पडलेली नाही, ती मिहॉकसमोर पडणार. मृत्यू तेव्हा आला होता तो दाराशी वाट बघत थांबलाय, मिहॉकसमोर आत येणार. व्रण कायदोच्या अंगावर उठला होता तोही फुकट नव्हता, मिहॉक तो पाहून ओळखणार. कायदो लाव्ह्यात गेल्याचं कुणी सांगितलं तर उत्तर तयार आहे, प्रेत कुणी पाहिलंय?

आणि डावा डोळा. तो तर कायदोसाठी नव्हताच म्हणे. कायदोसाठी तो उघडला असता तर मिहॉकसाठी काय उरलं असतं? हा युक्तिवाद करणारे बहुतेक तेच आहेत ज्यांनी २०१९ मध्ये तो कायदोसमोर उघडेल म्हणून पैजा घेतल्या होत्या. हरलेल्या पैजेची पार्टी विचारली की ते म्हणतात, थांब ना, डोळा उघडला की एकदमच देऊ.

रविवारचे साडेआठ वाजतात. कुकर शिट्टी देतो, दार लागतं, सात मिनिटं शांतता. मग दार उघडून तो बाहेर येतो, पानावर बसतो, भात कालवता कालवता मोबाइल ताटाशेजारी उभा करतो.

“काय झालं रे तुझ्या त्या तलवारवाल्याचं?” आई विचारते.

“अजून नाही. पण पुढच्या आठवड्यात नक्की.”

पुढच्या आठवड्यात ब्रेक आहे.